खुर्द्याचा हिशेब

गावच्या कमानीला, चौकाला किंवा शाळेच्या खोलीला महायुद्धावर जाऊन आलेल्या एखाद्या माजी सैनिकाचं नाव द्यायचं निघालं की ठरल्यासारखे दोन गट उभे राहतात. एक म्हणतो, हे इंग्रजांचे पगारी नोकर, साम्राज्यासाठी लढले, यांचं स्मारक कसलं करता? दुसरा म्हणतो, वीराच्या नावाला विरोध करणारे तुम्ही कोण? महिनाभर शब्दाला शब्द लागतो आणि मग कमान तरी उभी राहते किंवा ठराव तरी बारगळतो. या साऱ्या गदारोळात ज्याच्यावरून भांडण चाललंय त्याची पलटण कोणती, तो कोणत्या साली भरती झाला, कुठल्या बंदरात उतरला, परतल्यावर चाळीस वर्षं काय करत होता, हे दोन्ही बाजूंपैकी कुणालाच सांगता येत नाही. माझं म्हणणं असं, की आधी त्याचा प्रवास लिहून काढावा आणि मग हवा तर निकाल द्यावा. प्रवास नीट लिहिला गेला तर निकालाची घाई बहुधा उरणार नाही. बारा गावचं पाणी प्यायलेला, असं आपण एखाद्या बेरकी माणसाबद्दल म्हणतो. ही माणसं खरोखरच टायग्रिस, नाईल आणि इटलीतल्या सांग्रो नदीचं पाणी पिऊन आली, आणि आपण मात्र त्यांना एका ओळीच्या पाटीत बसवायला निघालो आहोत.

पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेलं सांकेतिक पत्र मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. त्या पत्रातल्या दोन मोत्यांवर आपण पोवाडे रचले, नाटकं लिहिली. मोहरांचीही नावं शोधून काढली. खुर्दा मात्र खुर्दाच राहिला. पण यात पेशवाईलाच नावं ठेवायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक पलटणीची वॉर डायरी रोजच्या रोज लिहिली जाई. त्यात जखमी अधिकाऱ्याचं नाव असतं आणि त्याच्या पुढे 'ओआर' इतके जखमी, इतके ठार. ओआर म्हणजे अदर रँक्स, अर्थात उरलेले सगळे. पावणेदोनशे वर्षांत कागद बदलला, शाई बदलली, हिशेबाची पद्धत तीच राहिली. आजचे भांडणारे दोन्ही गट हीच पद्धत पुढे चालवतात. एकाला त्या खुर्द्यातून मोती घडवायचा असतो, दुसऱ्याला ते नाणंच खोटं ठरवायचं असतं. नाण्यावरचा छाप वाचण्याची तसदी कुणी घेत नाही.

पगारी नोकर या आक्षेपात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. १९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये मिळत. दुष्काळी पट्ट्यातून आणि कोकणातल्या तुटपुंज्या भातशेतीतून जी भरती झाली, तिच्यामागे राजनिष्ठेपेक्षा हे ११ रुपये जास्त होते. पण पगार घेतला म्हणून लढणारा भाडोत्री ठरतो का? शिवाजी महाराजांनी वतनांऐवजी रोख पगाराची रीत घातली, याचं आपण दूरदृष्टी म्हणून कौतुक करतो. इब्राहिमखान गारद्याची पलटण तर उघडउघड पगारावर होती, आणि तो पानिपतावर भाऊसाहेबांना सोडून गेला नाही हे आपणच अभिमानानं सांगतो. पगार हा निकष लावायचा तर सगळ्यांना लावावा लागेल. तो कुणाला लावायचा आणि कुणाला नाही हे आपण आपल्या आवडीनं ठरवतो, म्हणजे तो निकष नव्हेच. खरा आक्षेप पगारावर नाहीच, मालकावर आहे. १९३९ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानातल्या कुणालाही न विचारता देश युद्धात ओढला आणि त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. हा मुद्दा पगारापेक्षा फार जड आहे.

म्हणून 'देशासाठी लढले' हे दुसऱ्या गटाचं उत्तरही तितकंच पोकळ ठरतं. त्यासाठी जावातलं सुरबाया शहर पुरेसं आहे. जपान शरण आल्यानंतर, ऑक्टोबर १९४५ च्या शेवटच्या आठवड्यात, ४९ वी इंडियन ब्रिगेड तिथे उतरली. तिच्या तीन पलटणींपैकी दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या होत्या, चौथी आणि सहावी. समोर जपानी नव्हते. नुकतंच स्वातंत्र्य जाहीर केलेले इंडोनेशियन होते, आणि मागून डच सत्ता परत यायच्या बेतात होती. ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारला गेला, १० नोव्हेंबरला शहरावर मोठा हल्ला झाला, आणि ती तारीख इंडोनेशिया आजही वीर दिन म्हणून पाळतो. त्यांचे वीर आपल्या सातारा-रत्नागिरीच्या पोरांशी लढले. नेहरू इकडे भारतीय सैन्य जावात वापरू नका म्हणून जाहीर निषेध करत होते. या पलटणीतून परतलेल्या हवालदाराच्या पाटीवर काय लिहाल? 'देशासाठी लढला' लिहिलंत तर ते खोटं आहे. 'साम्राज्याचा हस्तक' लिहिलंत तर तोच माणूस वर्षभरापूर्वी जपान्यांना रोखायला निघाला होता, हे पुसलं जातं. 'सुरबाया, ऑक्टोबर १९४५' असं लिहिलंत तर मात्र प्रत्येक अक्षर खरं राहतं, आणि वाचणाऱ्याला पुढचं शोधावंसं वाटतं.

सातारा जिल्ह्याचंच पाहा. १९४३ ते ४६ या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार याच जिल्ह्यात चाललं. मराठा पलटणींची भरतीही याच जिल्ह्यातून जोरात होती. भूमिगतांना भाकरी देणाऱ्या गावांत इटलीहून मनिऑर्डरी येत होत्या. हे दोन इतिहास आपण दोन वेगळ्या कपाटांत ठेवले, कारण एकत्र ठेवले की घोषणा अडखळते.

आता खुर्द्यातही एक उतरंड आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी भरतीच्या गावांत दगडी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसते दोन आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर पुढे 'मिलिटरी' हे आडनावच चिकटलं. तिथले ४६ जण त्या युद्धात पडल्याचं सांगतात. अशा पाटीसमोर उभं राहिलं की गेलेल्यांचा आकडा दिसतो, मेलेल्यांचा दिसतो, आणि परतलेल्यांचा आपला आपण काढावा लागतो. माजी सैनिक म्हणजे त्या वजाबाकीत उरलेला माणूस. आपली जुनी रीतही याहून वेगळी नव्हती. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवपूजा, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेलं आहे. सुंदर शिल्पं आहेत. पण दगड मिळायला मरावं लागे. लढून घरी आलेल्याला वीरगळ नाही.

मेलेल्यांच्या बाबतीतही हिशेब सरळ नव्हताच. राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकी-आशियाई मृतांपैकी किमान ४५ हजारांचं स्मरण गोऱ्या मृतांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि आणखी लाखाहून अधिक जणांची नावं बहुधा कुठेच कोरली गेली नाहीत. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं आहेत. भारतीय शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. इराकमधल्याच कूतच्या वेढ्यात ६ वी पुणे डिव्हिजन १४७ दिवस अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली, आणि त्यातल्या हिंदी कैद्यांना पुढे रस-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं. त्या वाटेवर जो पडला तो बसऱ्याच्या आकड्यात तरी गेला. जो १९१८ नंतर खंगून घरी परतला, तो कुठल्याच आकड्यात नाही. आज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, आणि अनेक घरांत आजोबांचं नाव टाकून पाहिलं जातं. नाव सापडत नाही म्हणून लोक हिरमुसतात. अहो, नाव सापडलं नाही याचा अर्थ बहुधा आजोबा जिवंत परतले!

ज्यांचं नाव झालं त्यांचंही फार काही वेगळं घडलं नाही. शिपाई नामदेव जाधव, पहिली पलटण, मराठा लाइट इन्फन्ट्री. कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून जखमींना पाठीवर घेऊन नदी ओलांडली, मग तीन मशिनगन एकट्यानं गप्प केल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी दिली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या एका दिवसाचं वर्णन मिनिटामिनिटानं छापलेलं आहे. जाधव वारले १९८४ मध्ये. म्हणजे त्या दिवसानंतर ३९ वर्षं ते जगले, आणि सर्वसाधारण मराठी वाचकाला त्या ३९ वर्षांतलं एक वाक्यही माहीत नसतं. नदीच्या काठी उभा राहिलेला तो रनर आपण तिथेच उभा ठेवला आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की लोकांना प्रतीकं लागतात. बखर कोण वाचणार? दगड दिसतो, पुतळा दिसतो, त्याला हार घालता येतो, लेकराला दाखवता येतो. हे खरं आहे, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा भीमा कोरेगावच्या स्तंभाचा. कंपनी सरकारनं तो आपल्या विजयासाठी उभारला, त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि स्तंभाचा अर्थच बदलला. दगड तोच होता, पण बघणारे वेगळे होते. पण बाबासाहेबांना त्या स्तंभाजवळ नेमकं काय सापडलं, हे विचारायला हवं. त्यांना नावं सापडली. 'नाक' या शेवटावरून जात ओळखू येणारी नावं होती, म्हणून तो दगड बोलू शकला. बसऱ्यासारखा नुसता आकडा असता तर त्यातून कुणी काय उभं केलं असतं? सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातल्या शाळेत शिकवत, तेव्हा पलटणीचा कागद काय मोलाचा असतो हे त्या घराला वेगळं सांगावं लागत नव्हतं. प्रतीक हवं तर जरूर हवं. मात्र त्यात तपशील कोंबलेला असावा. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले, वय अवघं २२. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पण २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या स्मरणार्थ काय उभारलं? एक सूर्यघड्याळ, आणि त्यावर 'आपण सारे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य. ज्या डोंगरात तो पडला तिथल्या लोकांनी ठिकाण आणि माणूस एकत्र बांधला. आपण कमानीवर नाव टाकून ठिकाण गाळतो.

मग करायचं काय? कागदापासून सुरुवात. पहिला कागद डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारं पुस्तक. त्यात नंबर, हुद्दा, वडिलांचं नाव, गाव, भरतीची आणि सुटण्याची तारीख, पदकं, आणि कॅरॅक्टर या रकान्यात 'एक्झेम्प्लरी' किंवा 'व्हेरी गुड' असा शेरा असतो. हे पुस्तक लॅमिनेट करू नका. उष्णतेनं शाई उडते, आणि कागद एकदा प्लास्टिकमध्ये गेला की परत निघत नाही. ३०० डीपीआयवर स्कॅन करा, कोरी दिसणारी पानंसुद्धा, कारण पेन्शनीचे आणि दवाखान्याचे शिक्के मागच्या पानांवर असतात. फोटो ६०० डीपीआयवर, आणि मागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का मागे असतो आणि पुष्कळदा शहराचा एकमेव पुरावा तोच. फोटो चौकटीच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेसकट फोटो काढा.

दुसरी गोष्ट पलटणीचं नाव, आणि इथे घरोघरी चूक होते. आजोबा 'काळी पाचवी'त होते म्हणून नातवंडं पाचव्या बटालियनचा इतिहास धुंडाळतात. काळी पाचवी म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, जुनी १०५ वी. 'जंगी पलटण' म्हणजे पहिली, जुनी १०३ वी. १९२२ च्या फेररचनेत सगळे आकडे बदलले: ११० वी झाली तिसरी, ११६ वी झाली चौथी, ११७ वी झाली पाचवी 'रॉयल'. १९२२ पूर्वीचा शिपाई शोधायचा तर जुना आकडा लागतो, आणि नुसता शिपायाचा नंबर पुरत नाही. प्रत्येक पलटणीची नंबरांची माळ वेगळी असल्यानं एकच नंबर अनेकांना असू शकतो. आडनावांचं तर विचारूच नका. इंग्रज कारकुनाच्या कानाला घाडगे, घाटगे, गाडगे सारखेच. शोध घेताना नंबर आणि गाव धरा, आडनाव सैल सोडा.

तिसरी गोष्ट पदकं. ती चिंचेनं किंवा पॉलिशनं घासू नका, कडेवरची अक्षरं आधी झिजतात. पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल पुष्कळ घरांतून मोडीत गेलं. ब्राँझचं व्हिक्टरी मेडल मागे राहिलं असेल तर तेवढंही पुरतं. लेबर कोअरसारख्या बिगरलढाऊ तुकड्यांना तर वॉर मेडलसुद्धा ब्राँझचंच मिळालं, म्हणजे धातूवरूनही माणसाचं काम कळतं. दुसऱ्या युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या स्टार्सवर नावं नसत. भारतीय सैन्याला दिलेल्यांवर बहुतेकदा असतात. बाजूनं तिरपा उजेड टाकून फोटो काढला की ती वाचता येतात. फीत जपा, फितीवरूनच भूगोल कळतो. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा म्हणजे आफ्रिका स्टार, आणि त्यात लिबियाच काय, एरिट्रियातलं केरनही येतं. लाल-पांढरा-हिरवा म्हणजे इटली. मधे रुंद लाल आणि दोन्ही बाजूंना निळा-नारिंगी म्हणजे ब्रह्मदेश. मात्र पदक नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता, असा उलटा निष्कर्ष काढू नका. इराक-इराणात तेलाच्या विहिरी आणि रशियाकडे जाणारा रस्ता राखण्यात पलटणींची वर्षंच्या वर्षं गेली, आणि त्या कामासाठी वेगळा स्टार निघालाच नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांचंही असंच. एकाहत्तरला बांगलादेशात होतो असं सांगणाऱ्याच्या छातीवर पूर्व आघाडीच्या 'पूर्वी स्टार'ऐवजी पश्चिम आघाडीचा 'पश्चिमी स्टार' असेल, तर माणूस खोटारडा ठरत नाही. पन्नास वर्षांत पलटणीच्या गप्पा आणि स्वतःच्या आठवणी एकमेकांत मुरतात. अशा वेळी पदक आणि कागद शेजारी ठेवायचे, माणसाला खोडून काढायचं नाही.

त्यानंतर रेकॉर्ड ऑफिस. मराठ्यांचं बेळगावला. पेन्शन नसलेल्या सैनिकाचे सविस्तर कागद ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट केले जातात. युद्धापुरते भरती होऊन १९४६-४७ मध्ये घरी पाठवलेले बहुसंख्य शिपाई याच वर्गातले. त्यामुळे 'संपूर्ण फाइल द्या' असा अर्ज केला की नकार येतो आणि लोक तिथेच थांबतात. अर्ज 'लाँग रोल'च्या उताऱ्यासाठी करायचा. लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या सगळ्यांची नोंदवही, ती जपून ठेवतात. त्यातली एकच ओळ मिळेल, पण तिच्यात भरती, सुटका आणि पलटण असते. मग त्या तारखा घेऊन पलटणीची वॉर डायरी. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या युद्धाच्या डायऱ्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. दुसऱ्या युद्धाच्या मध्यपूर्वेतल्या १६९, इटलीकडच्या १७० आणि ब्रह्मदेश-जावाकडच्या १७२ या मालिकेत. डायरीत आजोबांचं नाव मिळणार नाही, ते ओआर होते. पण अमुक तारखेला पलटण कुठल्या टेकडीवर होती, पाऊस होता का, शिधा पोचला का, हे मिळतं. नाव नसलेल्या डायरीत आणि नाव असलेल्या डिस्चार्ज बुकात तारीख जुळवली की माणूस टेकडीवर दिसायला लागतो. ही जुळवणी हेच खरं काम आहे, आणि त्याला कमानीपेक्षा कमी पैसे लागतात.

गंमत अशी, की शिपायांचे शब्द जिथे टिकले तिथे ते संशयापोटी टिकले. पहिल्या युद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांवर सेन्सॉर बसला. त्यानं उतारे इंग्रजीत करून साहेबाला पाठवले, आणि आज मूळ पत्रं गेली तरी ते उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जर्मनांनी बर्लिनजवळच्या छावणीतल्या हिंदी कैद्यांचे आवाज भाषांच्या अभ्यासासाठी तबकड्यांवर मुद्रित केले, तेही अजून ऐकता येतात. शत्रूनं आणि सेन्सॉरनं जेवढं ऐकून घेतलं, तेवढं घरच्यांनी घेतलं का?

इथे एक आक्षेप मला खरोखर अडवतो. या माणसांपैकी अनेकांना बोलायचंच नव्हतं. पेन्शनवर आलेला हवालदार पारावर बसून बोटीच्या, खजुराच्या गोष्टी सांगे, पण लढाईची गोष्ट निघाली की विडी पेटवे. त्या गप्प बसण्यावर त्याचा हक्क होता. मेल्यानंतर त्याची कागदपत्रं उकरणं हा त्या हक्काचा भंग नाही का? काही बाबतींत आहे. दवाखान्याची नोंद, शिक्षेची नोंद, बाहेरच्या शहरातलं एखादं नाव, हे घरच्यांनी घरातच ठेवावं. आणि जिवंत माणसाला 'किती मारले?' हे विचारणं हा शुद्ध असभ्यपणा आहे. त्यातून बाहेर पडतं तेही बहुतेक वेळा सिनेमाचंच असतं. विचारायचं ते बुटांबद्दल, जेवणाबद्दल, बोटीत ओकारी किती दिवस झाली याबद्दल. पत्र कोण लिहून देई, पगारातले किती घरी जात, सुट्टी कधी नाकारली गेली. पाऊण तासाहून लांब बैठक नको. पहिल्या बैठकीत नकाशा काढू नका, दुसऱ्या बैठकीत काढा, आणि बोट त्यालाच ठेवू द्या. बोलताना मुलगा-सून शेजारी असतील तर माणूस त्यांना ऐकवण्यासाठी बोलतो. एक बैठक तरी एकट्याची हवी. तो गप्प झाला तर रेकॉर्डर चालू ठेवा आणि स्वतः गप्प बसा. पुढचा प्रश्न घाईनं टाकला की त्या गप्प बसण्यामागे जे होतं ते कायमचं गेलं.

आणखी एक वाजवी तक्रार ऐकू येते. जिवंत सैनिकांची, विधवांची पेन्शन अडकलेली असताना स्मरणाच्या गोष्टी कसल्या करता? तक्रार रास्त, पण दोन कामं वेगळी आहेत हा समज चूक. विधवेची पेन्शन अडते ती बहुतेक वेळा अशी: लग्नाची नोंद पलटणीत पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे नोंदीच्या लेखी आदेशानं, कधी झालीच नाही, किंवा माहेरच्या नावानं झाली, किंवा डिस्चार्ज बुकात एक स्पेलिंग, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) दुसरं आणि आधारवर तिसरं. नवरा गेल्यावर हे दुरुस्त करायचं तर प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस अशी वारी सुरू होते. आता सगळं 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेल्यानं एका अक्षराचा फरकही अडवतो. नवरा जिवंत असताना कुणी त्याच्यासोबत बसून ते पुस्तक पानापानानं वाचलं असतं, तर चूक तेव्हाच दिसली असती. स्मरणासाठी जे कागद लावायचे तेच पेन्शनसाठी लागतात.

आणि हा प्रश्न फक्त इंग्रजांच्या काळातल्या शिपायांचा आहे, असं मानणाऱ्यांनी विदेश सेवा मेडल पाहावं. स्वतंत्र भारताचं हे पदक, फितीवर देशाच्या नावाची पट्टी: कोरिया, काँगो. इथे साम्राज्य नाही, मालक परका नाही, तरी या माणसांची नावं कुठल्या कमानीवर दिसतात? श्रीलंकेत १९८७ ते ९० मध्ये शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान पडले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना तिथेच परमवीर चक्र मिळालं. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ चं, आणि त्याच्या कितीतरी आधी कोलंबोजवळ श्रीलंकेनं या जवानांची नावं कोरून ठेवली होती. म्हणजे मालक कोण होता यावर आपलं स्मरण ठरतच नव्हतं. आपल्या सीमेबाहेर, आपल्याला नीट न कळलेल्या कारणासाठी गेलेला सैनिक आपल्याला गोष्टीत बसवता येत नाही, मग त्याला पाठवणारा लिनलिथगो असो की आपणच निवडून दिलेलं सरकार.

१९४५ साली जो अठरा वर्षांचा होता तो १९२७ चा जन्मलेला. त्या पिढीकडे आता कागदांतूनच जावं लागणार. पण १९८७ साली श्रीलंकेतल्या पलालीच्या धावपट्टीवर उतरला तेव्हा विशीत असलेला जवान आज साठीच्या आसपास आहे. अनेक जण बँकेच्या, एटीएमच्या, सोसायटीच्या दारावर निळ्या गणवेशात बसलेले असतात. डिस्चार्ज बुक ट्रंकेत असतं. विमानातून उतरल्यावर पहिलं जेवण कुठे आणि काय मिळालं, हे त्यांना अजून आठवतं.